टाका जिवंत आहे, बाजार द्या



‘बंजारा भरतकाम आता संग्रहालयातच पाहायचे’ हे आपल्या अंकातील एका पत्रलेखकाचे मत मुळीच पटले नाही. पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडले, याचा आनंदच आहे. पण पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांत काचा-कवड्या जोडून कांचळी (चोळी) शिवणाऱ्या याडी (आया) आजही आहेत. आरशाभोवतीचा दोरा किती ओढला की काच सुटत नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे.

कर्नाटकात सांडूरच्या लंबाणी (म्हणजे बंजाराच) भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. २०२३ मध्ये जी-२० बैठकीवेळी हम्पीत तिथल्या महिलांनी १,७५५ वस्तू मांडून गिनीज विक्रम केला. तोच समाज, तीच सुई! मग आमच्या बायकांना कारागीर ओळखपत्र आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गाळा का नको? जिल्हा प्रशासनाने नोंदणीचे शिबिर थेट तांड्यावर घ्यावे.

— एक वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ)