दात्याचा संकल्प आणि न्यायालयाचा अधिकार

पाणपोई, धर्मशाळा, अन्नछत्र, पाठशाळा ही हिंदू समाजाच्या दानधर्माची परंपरागत रूपे होत. दाता उदक सोडून संकल्प करतो आणि त्या क्षणापासून ते धन त्याचे राहत नाही. पण काळ कुणासाठी थांबत नाही. यात्रेचा मार्ग बदलला की जुन्या वाटेवरची धर्मशाळा ओस पडते. विद्यार्थीच उरले नाहीत की पाठशाळेचा निधी बँकेत साचत राहतो. अशा धनाचे करावे काय?

मूळ हेतू असाध्य झाला म्हणून दान बुडत नाही. त्याच्या शक्य तितक्या जवळच्या धर्मकार्याकडे न्यायालय ते वळवू शकते. ‘सी-प्रे’ नावाचे हे तत्त्व १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात ५५ व ५६ या कलमांनी आले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९२ व्या कलमातही १९७६ च्या दुरुस्तीने त्याचा स्पष्ट समावेश झाला.

मात्र १९५० च्या कायद्यात एक धोक्याची फट होती. हेतू साध्य असूनही तो पार पाडणे लोकहिताच्या दृष्टीने इष्ट नाही, एवढ्याच कारणावरून निधी अन्यत्र नेण्यास तिथे वाव होता. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी या कायद्याला आव्हान दिले. मूळ हेतू पार पाडता येत असताना धार्मिक संस्थेचा निधी इतरत्र वळवणे हे तिच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण होय, असा निर्वाळा देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ती तरतूद अवैध ठरवली.

संकल्प अशक्य होणे वेगळे आणि तो कुणाला गैरसोयीचा वाटणे वेगळे. मंदिरांचा पैसा ‘अधिक उपयुक्त’ कामांना लावा, असे सुचवणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

पण हा निकाल म्हणजे विश्वस्तांच्या आळसाची ढाल नव्हे. ओस वास्तूला कुलूप घालून बसणे म्हणजे संकल्पाचे रक्षण नाही. ते अतिक्रमणाला दिलेले आमंत्रण आहे. हेतू फसला असेल, तर विश्वस्तांनी आपणहून धर्मादाय आयुक्तांपुढे वस्तुस्थिती मांडावी आणि मूळ हेतूशी नाते सांगणारा पर्यायही सुचवावा. धर्मशाळेचे उत्पन्न यात्रेकरूंच्या शुश्रूषेला लागले, तर दात्याला त्यात आपला संकल्प ओळखता येईल; व्यापारी संकुलाच्या गाळ्यांत तो सापडणार नाही. समाज जागा राहिला, तरच दान जिवंत राहते.