घरातला न मांडलेला हिशेब

मुले लहान असतात त्या वर्षांत अनेक घरांतून नवरा-बायकोत एक मुकी धुसफूस चालू असते. उघड भांडण क्वचितच होते. परंतु बोलणे तुटक होत जाते, भांडी जरा जोराने आपटली जातात, आणि मुलाच्या तापावरून निघालेला शब्द दहा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणापर्यंत जाऊन पोचतो. समाज या गोष्टीस स्वभावदोष ठरवून मोकळा होतो. वडीलधारी माणसे 'थोडे सोसावे' असा उपदेश करतात, आणि तो बहुधा एकाच बाजूला केला जातो. आमच्या मते या धुसफुशीचे मूळ स्वभावात नसून श्रमाच्या विषम वाटणीत आहे. म्हणूनच तो आपल्या पक्षाच्या विचाराचा विषय आहे.

वऱ्हाडातील चित्र पाहावे. अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात निंदण आणि वेचणी ही प्रामुख्याने बायांची कामे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ज्या बाईला धुऱ्यावरच्या झोळीतले मूल पाजण्यासाठी वारंवार उठावे लागते, तिचे माप संध्याकाळी कमी भरते. म्हणजे मूल दोघांचे, पण त्याच्या संगोपनाची किंमत तिच्या एकटीच्या मजुरीतून कापली जाते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिववत नाही. गोड्या पाण्याची वणवणही बहुतांशी तिच्याच वाट्याला. घरी परतल्यावर चूल तिची वाट पाहत असतेच.

पुरुषाच्या मनात काही सलत नाही असे मात्र कोणी समजू नये. कापसाचा भाव पडतो, कर्ज फिटत नाही, मुलाच्या शिक्षणाची फी भरता येत नाही. 'कर्ता' या एका शब्दाने त्याला रडण्याचीही मुभा ठेवलेली नाही. अमरावती विभागातील पाचही जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळले आहेत, आणि त्या प्रत्येक घरातील मुले वाढविण्याचे ओझे मागे राहिलेल्या स्त्रीवर पडले आहे. दोघेही पिळले जातात ते एकाच व्यवस्थेकडून. परंतु व्यवस्था समोर नसते, जोडीदार समोर असतो. म्हणून राग तेथे निघतो. मात्र दोघांचे दुःख खरे आहे एवढ्यावरून दोघांचे ओझे सारखे आहे असे ठरत नाही.

सरकारी आकडेच याची साक्ष देतात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणारी स्त्री त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे घालविते. घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयोगटात घरातील माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया ४१ टक्के, तर पुरुष २१.४ टक्के. त्या कामाला स्त्री १४० मिनिटे देते, पुरुष ७४. या श्रमाला ना मजुरी, ना सुट्टी, ना नाव. ज्या श्रमाची नोंदच होत नाही, त्याची थकबाकी मनात साठत जाते. रुसवा हे त्या थकबाकीचेच दुसरे नाव होय.

याच वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून, दोष दोघांचे असता शिक्षा एकटीलाच का, असा रोखठोक सवाल टाकला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला अग्रस्थान दिले. या वारशाचा उच्चार आपण प्रत्येक शिबिरात करतो. प्रश्न शिबिरानंतरचा आहे.

साथींनो, आपल्या चळवळीचा हिशेबही येथेच मांडला पाहिजे. कार्यकर्ता मोर्चाला जातो, तालुक्याच्या बैठकीला मुक्काम करतो, सत्याग्रहात अटक करवून घेतो. त्याच्या त्यागाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रात्री तापलेल्या मुलाच्या उशाशी जागणारीचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही. तिने तक्रार केली तर 'वहिनींना चळवळ समजत नाही' असे म्हणून आपण हसतो. वस्तुतः तिला चळवळ आपल्याहून अधिक समजलेली असते. कारण तिची किंमत ती रोज मोजते. शेतमजुराला किमान वेतन मागणाऱ्याने स्वतःच्या घरात वेठबिगारी चालू ठेवावी, ही विसंगती झाकून ठेवण्याजोगी नाही.

यावर मायाळू शब्दांचा उपाय पुरत नाही. कामाची वाटणी बोलून, ठरवून करावी लागते. 'मदत करतो' ही भाषाच सोडावी. आपल्याच मुलाचे करणे ही मदत कशी? आठवड्यातील काही वेळा वडिलांनी पूर्णतः आपल्या मानाव्यात, आणि त्या वेळी पक्षानेही त्यांना बोलावू नये. शाखेची बैठक स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नये. बैठकीच्या जागी मुलांची सोय असावी आणि ती सांभाळण्याची पाळी पुरुष साथींनीही घ्यावी. राग साचण्याआधी बोलण्याची रीत घरात पडली, तर मुलेही समतेचा पहिला धडा तेथेच शिकतील.

तथापि सारा भार घरावर टाकून शासनाला सोडता येणार नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास ती सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. परंतु त्या काही तासांपुरत्या, आणि वेचणी दिवसभराची. २०२२ पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची कल्पना मांडली गेली आहे. ती कागदावर न राहता वेचणीच्या हंगामात कापूसपट्ट्यातील गावोगावी दिवसभराचे पाळणाघर उभे राहिले पाहिजे, आणि ते चालविणाऱ्या बाईला मानधन नव्हे तर वेतन मिळाले पाहिजे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शाखांनी ही मागणी ग्रामसभांतून लावून धरावी.

ती मागणी घेऊन जाताना कार्यकर्त्याच्या कडेवर त्याचे स्वतःचे मूल असले, तर त्याच्या शब्दाला अधिक वजन येईल.