पेंटर पळाला? बरं, वर्क ऑर्डर कुठाय?

गणपती जवळ आले की आपल्या बोईसर-पालघरच्या ग्रुपवर एक पोस्ट ठरलेली. पेंटरचा फोटो, मोबाईल नंबर आणि खाली, "ॲडव्हान्स घेऊन पळाला, सावध राहा." त्याखाली कोणीतरी लिहिणारच, "भैया लोकांना काम देताच कशाला?" आणि सगळ्यात जास्त लाइक त्यालाच.

पैसे बुडवणारा चोरच, त्याची बाजू कोणी घेत नाहीये. पण मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा.

१९६९ पासून तारापूरला अणुवीज केंद्र आहे, शेजारी एवढी मोठी एमआयडीसी आहे. घरटी एक माणूस तिथे नाही तर तिथल्या कंत्राटदाराकडे कामाला. तिथे साधी एक टाकी रंगवायची असली तरी काय होतं, हे मी सांगायला नको. कोटेशन, वर्क ऑर्डर, किती कोट ते लिहून, मेजरमेंट शीट, मग बिल, आणि त्यातूनही थोडी रक्कम मागे ठेवून. उंचीवर चढायचं तर वेगळं परमिट. सेफ्टीवाल्याची सही नाही तोवर शिडीला हात लावू देत नाहीत. आणि हाच आपला सुपरवायझर घरी येऊन फोनवर विचारतो, "टू बीएचकेचे किती घेणार?" समोरचा म्हणतो, "मटेरियलसकट पंचेचाळीस, निम्मे आधी टाका." हा टाकतो! कागद नाही, माप नाही, त्या माणसाचा पत्ता नाही.

कंपनीच्या टाकीला जी अक्कल वापरतो ती स्वतःच्या घराला का नाही?

सगळा घोळ या उक्त्या कामात आहे. उक्ती रक्कम ठरली की पेंटरचा नफा भिंतीच्या आतून निघतो, जिथे तुमची नजर जात नाही. जुना रंग नीट खरवडायचा नाही, प्रायमर पातळ, पुट्टीचा दुसरा हात गाळायचा, घासकाम वरवर. इमल्शनमध्ये पाणी किती घालायचं हे डब्यावर छापलेलं असतं, पण वाचतो कोण? दिवाळीला भिंत चकाचक दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे.

मापाचं तर विचारूच नका. आपल्याकडे कार्पेटला साडेतीनने गुणायची पद्धत आहे. आता १० बाय १२ ची बेडरूम घ्या, उंची साडेनऊ. चारी भिंती ४१८ चौरस फूट, सिलिंग १२०, एकूण ५३८. एक दार, एक खिडकी वजा केली की साधारण ५०१. गुणाकाराने येतात ४२०. म्हणजे पेंटर ८१ फुटांनी मार खातो, आणि तो मार तो पुट्टीतून वसूल करतो. आता १२ बाय २० चा हॉल घ्या. भिंती ६०८, सिलिंग २४०, एकूण ८४८. मेन डोअर, बाल्कनीची स्लायडिंग आणि पॅसेज मिळून शंभरेक फूट वजा, राहिले ७४८. गुणाकाराने ८४०. इथे तुम्ही ९२ फुटांचे पैसे हवेत देता. टेप लावून मोजायला अर्धा तास लागतो हो. दोघांनी मिळून मोजा, दोघांनी सही करा, भांडणाचं अर्धं कारण तिथेच संपतं.

मटेरियल स्वतः आणा, बिल स्वतःच्या नावाने घ्या. अनेक कंपन्यांच्या डब्यात पेंटरसाठी टोकन असतं, आता कोड स्कॅन करायचा असतो. ते त्याचं त्याला घेऊ द्या, बिचाऱ्याच्या मेहनतीवर तेवढं तरी. फक्त तुमच्या घराला कुठला रंग हे त्या टोकनने ठरवू नये. आणि लेबल नसलेला सुटा ऑइलपेंट लहान मुलांच्या घरात आणूच नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको असा नियम २०१७ पासून लागू आहे, सुट्या डब्याला तो कोण विचारतो?

आता ओलीचं. समुद्र जवळ, खारं वारं, चार महिने पाऊस. भिंतीला लोणा लागला, फुगे आले की आपण पेंटरला बोलावतो. पेंटर डॉक्टर नाही. पाणी वरच्या बाथरूममधून येतंय की बाहेरच्या भेगेतून, ते बंद केल्याशिवाय वर कितीही महागडा वॉटरप्रूफ रंग मारा, सहा महिन्यांत तो सुटणारच. मग शिव्या कोणाला? पेंटरला. रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरने कळवल्यापासून तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. पालघर-बोईसरला नव्या बिल्डिंगा बघा किती झाल्यात. किती जणांनी बिल्डरला एक पत्र लिहिलंय? पेंटरचा फोटो टाकायला हिंमत लागत नाही, बिल्डरला पत्र लिहायला लागते.

आणि "पळाला" म्हणता तेव्हा कॅलेंडर पण बघत जा. पाऊस ऑक्टोबरात थांबतो, भिंती अजून ओल्या, आणि सगळ्या गावाला दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत रंग हवा. एक पेंटर चार घरं धरतो, चारही ठिकाणी ॲडव्हान्स, चारही ठिकाणी अर्धं काम. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, बिहारचा कारागीर गावी जाणारच. तुम्ही गणपतीत कोकणात जाता ना? तसंच. यातले काही खरोखर ठग असतात, नाही म्हणत नाही. पण ठग मराठीही बघितलेत, आणि सहा-सहा वर्षं त्याच सोसायटीत इमानाने काम करणारे आझमगढचेही. जातभाषेवरून रंग टिकत नाही.

कागद नसल्याचा फटका त्यालाही बसतो, हे कोणी बोलत नाही. रंगकाम करणारा मजूर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतो, वय १८ ते ६०. अट एवढीच की वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो देणार कोण? काम रोखीत, तोंडी, ठेकेदाराच्या हाताखाली. मग चौथ्या मजल्यावरच्या पाळण्यावरून माणूस खाली आला तर सोसायटी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार फोन बंद करतो, आणि घरचे बायका-मुलं घेऊन हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. मंडळात नाव असतं तर कामावर मृत्यू आला तरी वारसाला मदत मिळते. नाव नसलं तर कोणाच्याच वहीत तो माणूस नव्हता.

तुम्हालाही कागद तिथेच उपयोगी पडतो. पैसे घेऊन केलेलं रंगकाम ही सेवा आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तिला लागू होतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हेल्पलाइन १९१५. तिथे तुमच्या फोटोवाल्या पोस्टला काडीची किंमत नाही. विचारतील, काय ठरलं होतं, किती दिले, काय झालं नाही. व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत लिहून घेतलं तरी चालतं: कुठल्या खोल्या, किती चौरस फूट, पुट्टीचे किती हात, रंगाचे किती, कुठला डबा, कधी संपणार. पैसे टप्प्याने, खरवडून-पुट्टी झाल्यावर काही, पहिल्या हातानंतर काही, आणि शेवटचा मोठा हप्ता फर्निचर जागेवर गेल्यावर. ॲडव्हान्स पहिल्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढा, बस. जो यावर चिडेल त्याला चहा पाजून रवाना करा.

३० सप्टेंबरच्या आत सगळ्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा घ्याव्याच लागतात. अनेक ठिकाणी बाहेरच्या रंगकामाचा विषय असेल, आणि तीन कोटेशनमधलं सगळ्यात स्वस्त हात वर करून पास होईल. आपापल्या सभेत उठून तिघांनाही एकच विचारायचं: पाळण्यावर किती माणसं चढणार, त्यांचे बेल्ट कोण आणणार आणि त्यांचा विमा कोणाच्या नावावर? आणि उत्तर मिनिट्समध्ये लिहून घ्यायचं.