दोन इंजिनांचा हिशेब

वैमानिक होण्याची भाषा आता महाडच्या आमच्या वर्गातही ऐकू येते. पोलादपूरकडील एका पालकांनी तर जमीन गहाण ठेवण्यापूर्वी माझा सल्ला विचारला. (अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला सर्वच व्यवहार कळतात, हा एक गोड गैरसमज!) मी म्हटले, संस्थेचे दोन इंजिनांचे विमान कोणत्या इंधनावर चालते, ते आधी विचारा.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात दोन इंजिनांच्या विमानाचे तास थोडे, परंतु सर्वांत महाग. पायपर सेनेकासारख्या विमानांना ॲव्हगॅस हे खास पेट्रोल लागते. ते आपण आयात करीत आलो; २०२२ मध्ये इंडियन ऑइलने बडोद्याजवळ कोयलीला त्याचे उत्पादन सुरू केले. उलट गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेतील डायमंड डीए-४२ या विमानाची डिझेल इंजिने प्रवासी जेट विमानांच्याच इंधनावर चालतात, आणि ते जाळतातही बेताने.

सेनेकात प्रत्येक इंजिनाला तीन दांडे, डीए-४२ मध्ये एकच. मग विद्यार्थी शिकणार काय, असा आक्षेप येतो. तो अगदीच पोकळ नाही. परंतु एक इंजिन बंद पडले की ताकद निम्मी होते, वर चढण्याची क्षमता मात्र निम्म्याहून पुष्कळच अधिक घटते आणि विमान बंद इंजिनाकडे वळू लागते. ते पायाने सावरणे हेच खरे शिक्षण. डीए-४२ मध्येही ते चुकत नाही. तास स्वस्त झाल्याने हा सराव वाढणार असेल, तर माझे मत डिझेलला. मात्र ही बचत शुल्कात उतरते की संस्थेच्या ताळेबंदातच मुरते, हे त्या पालकांनी लेखी विचारावे.