समुद्राला मिळणारे पाणी वाया जात नाही

‘नदीचे पाणी समुद्रात वाया जाते’ हे वाक्य भारतातील जलनियोजनात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, आता ते सिद्ध झालेल्या सत्याच्या थाटात वावरते. विज्ञानाच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. त्याचे खंडन करणारा सर्वांत सबळ साक्षीदार म्हणजे नदीमुखातला मासा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात ते नगण्य असतात. खाऱ्या पाण्यात माशाच्या शरीरातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात नेमके उलटे घडते: पाणी शरीरात शिरत राहते आणि क्षार जपावे लागतात. शरीराचा हा कारभार पालटायला अवधी लागतो. गोडे आणि खारे पाणी जिथे हळूहळू मिसळते, ते नदीमुख हा अवधी देते. नदीच्या गाळाबरोबर येणाऱ्या पोषकद्रव्यांवर तिथले प्लवक वाढतात, प्लवकांवर पिल्ले वाढतात आणि गढूळ पाणी त्यांना शिकाऱ्यांपासून लपवते.

नर्मदेच्या मुखाशी ही ये-जा दोन्ही दिशांनी चालते. हिल्सा खंबातच्या आखातातून पावसाळी पुराच्या गोड्या पाण्यात अंडी घालायला वर चढतो. त्याची पिल्ले पुढे समुद्राकडे परततात. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी उलट वाटेने खाली उतरते, कारण तिच्या अळ्या मचूळ पाण्यावाचून जगत नाहीत. एकाला वर जायचे आहे, दुसरीला खाली. दोघांनाही लागते ते वाहते गोडे पाणी.

१९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्यात या पाण्याचा हिशेब कसा मांडला आहे? एकूण २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. बेरीज बरोबर २८ येते. नदीमुखाच्या नावावर शून्य. पुराचे जे पाणी वीजही निर्माण न करता समुद्राकडे जाईल, ते निवाड्याच्या लेखी वायाच. राजस्थान नर्मदेच्या खोऱ्यात नसूनही वाटेकरी ठरला. नदी जिथे संपते ते मुख मात्र वाटेकरी ठरले नाही.

सरदार सरोवराच्या खाली नदीचा प्रवाह आटला आणि भरूचच्या बाजूला खारे पाणी आत सरकले. तिथल्या शेतकऱ्यांचे आणि पिण्याच्या पाण्याचे हाल खरे आहेत. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्यावर योजलेला उपाय म्हणजे भरूचच्या खाली, थेट भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, भाडभूत येथे उभारला जाणारा बंधारा. वरून पाणी अडवल्यामुळे समुद्र आत आला. आता समुद्रालाही अडवायचे. मग गोडे तळे आणि खारे आखात उरेल. त्यांना जोडणारा हळुवार उतार मात्र उरणार नाही.

‘मत्स्यमार्ग ठेवला की प्रश्न मिटतो’ हे उत्तर तयार असते. त्याची परीक्षा फराक्क्यात झालेली आहे. १९७५ मध्ये गंगेवरचा तो बंधारा कार्यान्वित झाला, तेव्हा त्यातही माशांसाठी सोय होती. तरीही पूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याही पलीकडे जाणारा हिल्सा बंधाऱ्याच्या वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीसा झाला. आज बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ हिल्सा बंधाऱ्याच्या वर नेऊन सोडतात. मासा जे काम युगानुयुगे फुकट करत होता, ते आता सरकारी योजनेतून माणसांना करावे लागते. मत्स्यमार्गांचे प्रचलित आराखडे प्रामुख्याने उड्या मारणाऱ्या सामन माशावर बेतलेले आहेत. हिल्सा उड्या मारणारा नाही, आणि हाताळणीने लगेच दगावणारा आहे.

मासे घटले की दोष सर्वप्रथम मच्छिमाराच्या जाळ्यावर ठेवला जातो. लहान आसाची जाळी आणि विणीच्या काळातली मासेमारी रोखायलाच हवी. पण ज्या माशाला अंडी घालायला नदीच उरली नाही, त्याला मासेमारी-बंदी कशी वाचवणार? बंदीचे दिवस मच्छिमाराने मोजायचे आणि नदीला सोडायच्या पाण्याचे माप कोणीच घ्यायचे नाही, हा न्याय नव्हे.

निवाड्यातील पाणीवाटपाचा फेरविचार ४५ वर्षांनंतर करता येईल, अशी तरतूद त्यातच आहे. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. चारही राज्ये आपापले दावे मांडतील, त्यांचे वकील असतील, आकडे असतील. त्या कोष्टकात पाचवी ओळ हवी: नदीमुख. तिच्यापुढे शून्य नसलेला, ऋतुमानानुसार बदलणारा, हिल्साच्या विणीच्या महिन्यांत वाढणारा आकडा हवा. तो किती असावा हे ठरवण्याचे काम मत्स्यशास्त्राचे आणि जलशास्त्राचे आहे. तो असावा की नाही, हा प्रश्नच उरलेला नाही.