लढाई त्यांची, उधारी आपली



परदेशात लढाई पेटली की गावच्या पारावर दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतो, "कुठे तो मुलूख आणि कुठे आपण? आपल्याला काय त्याचे?" दुसरा म्हणतो, "बघाच तुम्ही, आता कापूस सोन्याच्या भावाने जातो." आमचे म्हणणे असे की या दोघांचीही घरे धोक्यात आहेत. पहिला बेसावध राहतो. दुसरा चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढतो, आणि तो जास्त धोक्यात आहे. लढाईतल्या मंदीने घर हलते. लढाईतल्या तेजीवर काढलेल्या कर्जाने ते बसते.

हे आम्ही मनचे सांगत नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे एकदा पुरते घडून गेले आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये आपसात लढू लागली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः दक्षिण अमेरिकन राज्यांच्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर मुंबई बंदराकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. वऱ्हाडात ज्वारीच्या रानात कापूस शिरला. सावकाराची थैली सैल झाली. पीक चांगल्या भावाने जाणार म्हटल्यावर कर्ज द्यायला कोण नाही म्हणतो?

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार एवढ्या बातमीनेच भाव कोसळले. त्या वर्षी १ जुलैला मुंबईतल्या सट्टेबाजांचे वायदे पुरे करायचे होते. ते झाले नाहीत. पेढ्या आणि बँका बुडाल्या. मोठ्या माणसांनी दिवाळे काढले आणि मोकळे झाले. शेतकऱ्याला दिवाळे काढता येत नव्हते. त्याचा अंगठा सावकाराच्या पेटीत होता.

पुणे आणि नगर हे काही कापसाचे मुख्य जिल्हे नव्हते. पण तेजीतल्या चढ्या भावांचे आणि सैल उधारीचे वारे तिथेही पोचले होते. त्यावर सरकारने १८६७ मध्ये इंदापूरपासून नवी आकारणी करून जमिनीचा सारा वाढवायला सुरुवात केली. भाव उतरले, सारा चढला, कर्ज जागच्या जागी राहिले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांना गाठले आणि कर्जाचे कागद जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. शेवटी १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. लढाई चार वर्षांत संपली. तिच्या भावाचा हिशेब त्यानंतर दहा वर्षांनी सुप्याच्या बाजारात पेटला.

लढाई तेजीच आणते असेही नाही. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक जपान होता. १९४१ च्या अखेरीस जपान लढाईत उतरला आणि ती बाजारपेठ बंद झाली. पुढच्या वर्षी सरकारच सांगू लागले की कापूस कमी करा, धान्य पिकवा.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतला, तेव्हा कापसाचा प्रश्नही नव्हता. खनिज तेल महागले. देशाची गंगाजळी आधीच आटत आली होती, ती तळाला गेली. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकले. अडलेला शेतकरी बायकोच्या पाटल्या घेऊन पेढीवर जातो, त्यातलाच हा प्रकार. जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याच महिन्याच्या अंदाजपत्रकात खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले, मग ओरड झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आणली. लढाई हे त्याचे एकटे कारण नव्हते. पण वाळलेल्या लाकडावर कुऱ्हाड पडली ती लढाईची.

अलीकडचे तर सगळ्यांनीच पाहिले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली. रशिया आणि शेजारचा बेलारूस पोटॅश विकणारे मोठे देश. युरियाला नैसर्गिक वायू लागतो, तोही महागला. आपल्याकडे पोटॅशची बॅग १,७०० रुपयांवर गेली. सरकारने अनुदान ओतूनही डीएपीची बॅग १,२०० वरून १,३५० झाली. सूर्यफुलाचे तेल मुख्यतः युक्रेन आणि रशियातून येई, म्हणून फोडणीही महागली. त्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून हजारो शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. घरभर कापूस, पोराबाळांच्या अंगाला खाज, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात हाती आले सात हजारांच्या आसपास. त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याला दर वर्षी सुगीतच मातीमोल विकायला लावले, तो एकदा तरी थांबून बघणारच. पण थांबायचे तर सगळे घर पणाला लावून थांबू नये.

या सगळ्यातून एक गोष्ट कळते. लढाई घरात दोन दारांनी येते. एक दार विकण्याचे, एक घेण्याचे. विकण्याच्या दारातून ती कधी हसत येते, कधी रडत. घेण्याच्या दारातून मात्र ती नेहमी महागाई घेऊनच येते. खत, डिझेल, तेल. म्हणून तयारी करायची ती अशी की घेण्याचे दार जितके लहान करता येईल तितके करावे, आणि विकण्याच्या दारावर आंधळा भरवसा ठेवू नये.

पहिली गोष्ट धान्याची. मोठ्या माणसामागे दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरले तर वर्षाला जवळजवळ दीड क्विंटल लागते. घरात तीन मोठी माणसे आणि दोन पोरे असतील तर सहा क्विंटल धरा. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो मिळते. म्हणजे मोठ्या माणसाला ते महिन्यातले बारा-तेरा दिवस पुरते. बाकीचे कुठून आणणार? कापूस विकून? ज्वारी परवडत नाही हे आम्हाला माहीत आहे. पाखरे खातात, रानडुकरे लोळवतात, कापणीला माणूस मिळत नाही. पण ही ज्वारी बाजारासाठी नाही. ती भाकरीसाठी आणि कडब्यासाठी आहे. बैलजोडी आणि एक गाय धरणाऱ्या घराला कडबा विकत घ्यावा लागला की काय होते ते वेगळे सांगायला नको. चार-पाच घरांनी लागून लागून रान धरून ज्वारी पेरली तर राखण वाटून घेता येते. ज्वारी नीट वाळवा, दाताखाली कडक लागली की कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरा आणि पुढच्या सुगीपर्यंत तिच्याकडे विकण्याच्या नजरेने बघू नका. कापसात तुरीची ओळ आणि बांधाकडेला तीळ, रब्बीत थोडी करडई एवढे केले तर डाळ आणि तेलही घरचे निघते.

दुसरी गोष्ट कर्जाची. कर्जाचा हिशेब कधीही चढ्या भावावर मांडू नका. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये ठरला. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर ३०,८४० रुपये होतात. वेचणी किलोला १० रुपये धरली तर ४,००० त्यातच गेले. बियाणे, खत, फवारणी अजून बाकी आहे. पारावरचा माणूस १० हजारांचा भाव धरून ४०,००० सांगेल. मधला ९,१६० रुपयांचा फरक अजून कुणाच्या खिशात नाही. त्याच्यावर लग्न ठरवू नका, गाडी घेऊ नका. तो आला तर वरकड म्हणून घ्या आणि त्यातून सगळ्यात जड व्याजाचे देणे आधी फेडा. हमीभाव तरी सगळ्यांच्या पदरात पडतो कुठे? म्हणून हिशेब त्याच्याही आतच ठेवलेला बरा. बँकेचे पीककर्ज वेळेत नवे-जुने करा, व्याजाची सवलत जाऊ देऊ नका. खासगी सावकाराचा पैसा पेरणीसाठी घेणे वेगळे आणि तेजीच्या आशेवर घेणे वेगळे.

तिसरी गोष्ट विक्रीची. सगळा कापूस एका दिवशी विकू नका आणि सगळा धरूनही ठेवू नका. तीन वाटे करा. पहिला वाटा देणी आणि घरखर्च भागवण्यासाठी निघताच विका. दुसरा महिना-दोन महिन्यांनी. तिसरा, तोही घरात कोरडी जागा असेल तरच, भावाची वाट पाहण्यासाठी ठेवा. पडला तर तिसऱ्या वाट्याचे नुकसान, घर शाबूत.

चौथी गोष्ट खताची. टंचाईची बोंब झाली की कृषी केंद्रात डीएपीबरोबर नको ती बाटली गळ्यात मारतात. पक्की पावती मागा, बॅगवरच्या किमतीहून जास्त पैसे देऊ नका, आणि अडवणूक झाली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे चार जण मिळून लेखी तक्रार द्या. माती तपासून घ्या. जिथे स्फुरद पुरेसे आहे तिथे शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही डीएपी टाकायचे कारण नाही. शेणखत उकिरड्यावर उन्हात वाळू देऊ नका. ते कोणत्याही बंदरातून येत नाही.

आणि हे सगळे घरातल्या बाईला सांगून, तिला विचारून करा. कणगीत किती उरले हे तिलाच माहीत असते, आणि गहाण पडतात त्या तिच्या पाटल्या.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळे शेतकऱ्यानेच सावरायचे? नाही. घर सावरणे हा आपला शहाणपणा आहे, सरकारची सुटका नव्हे. १४ एप्रिल २०२२ पासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, कापूस वेचणीला येण्याच्या तोंडावर, शुल्क पुन्हा काढले. भाव चढला की देशहित आठवते. भाव पडला की सांगतात, बाजाराचा नियम आहे. लढाईची महागाई शेतकऱ्याने सोसायची आणि लढाईचा भाव मात्र त्याला मिळू द्यायचा नाही, हा कुठला न्याय? आमची मागणी साधी आहे. आयात-निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर करा आणि पीक विकून होईपर्यंत बदलू नका. ते कळले तर काय पेरायचे, हे आम्हाला ठरवता येईल.

तोवर एक काम आपल्या हातातले आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. नावे नकोत, आकडे हवेत. गावातल्या किती घरांत पुढच्या सुगीपर्यंतचे धान्य आहे? किती घरांवर खासगी सावकाराचे देणे आहे, आणि ते किती टक्क्यांनी? कोणत्या गावाला आधी हात द्यायचा, ते त्या कागदावरूनच ठरवू.