सड्यावरची फुलं आणि चातुर्मासातलं पाऊल



मंडळाच्या व्हॉट्सॲपवर विषय निघाला की भाद्रपदात गाडी करून सड्यावरची फुलं बघायला जायचं. लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, कासला लोक तिकीट काढून जातात, आपल्या तर दाराशी आहे. दुसरी म्हणाली, चातुर्मासात हिरव्यावर पाय द्यायचा नाही हे लहानपणापासून शिकलो, आणि आता मुद्दाम हिरव्यातच सहल? तेव्हा मी काहीच बोलले नाही, कारण दोघींचंही पटत होतं. आता सवडीने लिहिते.

ज्या घाटावर राहतात त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आचऱ्याच्या आसपास, मालवण-देवगडकडे जाताना रस्ता वर चढला की जांभ्या दगडाचं काळपट माळरान लागतं, तो सडा. मे महिन्यात तिथे वाळवंट बरं म्हणायची पाळी. चप्पल असूनही तळवे भाजतात, सावलीला झुडूप नाही. मीही लग्न होऊन आले तेव्हा याला ओसाड जागाच समजत होते. सरकारी भाषेतही ती 'पडीक'च.

पण पाऊस पडला की पंधरा दिवसांत तोच दगड जिवंत होतो. पहिल्यांदा येते दीपकाडी, पांढऱ्या फुलांची. ही जात फक्त आपल्या कोकणपट्टीतली, जगात दुसरीकडे नाही. तिचा कंद भाजलेल्या दगडाच्या फटीत महिनोन्‌महिने निजून असतो. (कंदमुळात किती जीव असतो हे मला पाठशाळेपेक्षा या कंदाने जास्त पटवलं.) मग श्रावणात पाणथळ जागी सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी. शेजारी गेंदाची पांढरी बटणं. आणि खाली वाकून पाहिलं तर दवबिंदू, ज्याच्या पानांवरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. त्याला माशी चिकटली की सुटत नाही. दगडावर मातीचा थर बोटभर, त्यात नत्र नाही, म्हणून ही झाडं किडे पचवून ते मिळवतात. सीतेची आसवंही तसलीच, फक्त तिचे सापळे जमिनीखाली असतात.

नात म्हणाली, "आजी, एकेंद्रियाने चतुरिंद्रिय खाल्ला, मग पाप कोणाला?" मला उत्तर सुचलं नाही. महाराजांना विचारायचं ठेवलंय.

नावं ओळखायची कशी, हे बऱ्याच जणी विचारतात. मी बी.कॉम. झालेली बाई, वनस्पतीशास्त्र माझं नव्हे, पण वही लिहायची सवय आहे. तारीख, जागा, फूल, पान, शेजारी काय होतं, असे रकाने आखले. फोनमधलं ॲप नुसत्या फुलाच्या फोटोवर फसतं, पान आणि देठही घ्यावं लागतं. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं, ती खूण पुरते. तिला हात मात्र लावू नका, सगळं झाड विषारी आहे. शेरवडीची पांढरी 'पाकळी' पाकळी नसतेच, फुलाबाहेरचं दल मोठं झालेलं असतं. गेंद मात्र भिंगाशिवाय एकमेकांपासून वेगळे कळत नाहीत, तिथे मी नुसतं 'गेंद' लिहून सोडून देते.

सुरुवातीला मी दवबिंदूचं एक रोप नीट बघायला म्हणून उपटून घरी आणलं होतं. दुपारपर्यंत वाळलं. नाव मात्र त्याच दिवशी कळलं. वहीत ती नोंद अजून आहे, तिच्यापुढे मी 'नावे' लिहिलंय.

शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, "काकी, नावां घेवन काय करतल्यात? पाऊस गेलो की सुकान जातली." खरं तर माटवीला बांधायची सगळी रानफुलं त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक. पण सड्यावरच्या बारक्या फुलांना त्यांच्याकडेही नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही त्याची नोंद कोण ठेवणार? चिऱ्याची खाण निघाली की तिथे काय होतं हे सांगायला कोणी नसतं. मी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाहीये. आमचं घर चिऱ्याचं आहे. आमची हापूसची पंचवीस कलमं सासऱ्यांनी सडा सुरुंगाने फोडून, बाहेरून माती आणून लावली. खरकर्मांत स्फोटजीविका ऐकली की मला ती कलमं आठवतात आणि आंबे तर दरवर्षी खातेच.

म्हणून माझं मत असं. जायचं. मुनी आहारालाही भ्रामरी वृत्तीने जातात, म्हणजे भुंगा रस घेतो पण फुलाला इजा होऊ देत नाही, तसे. तसं जाता येत असेल तरच जायचं. पण पन्नास जणींची बस नको. आपल्यातल्या काही घरांत देवाला फूलसुद्धा वाहत नाहीत, केशरी तांदूळ वाहतात, आणि रीलसाठी गेंदांच्या ताटव्यात बसायचं? कासलासुद्धा दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा घालावी लागली. आमच्या गावाला गावपळण आहे, रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस सगळं गाव वेशीबाहेर जातं. सड्याच्या पाणथळ जागांनाही मी तसंच मानते, तिथे आपण बाहेरच.

आठ जणी पुरेत. गाडी डांबरी रस्त्यावर थांबेल. पुढे जुनी बैलगाडीची वाट आहे, तिच्यावर उघडा दगड आहे, एकामागे एक चालायचं. चार हात जमीन बघून चालणं आपल्याला नवीन नाही, आणि शेवाळ दिसलं तर तिथूनच परत. दशलक्षणात कोणाचा उपवास असेल, म्हणून पर्व संपल्यावरचा रविवार धरू. भिंग माझ्याकडे एकच आहे, पाळीपाळीने घ्यावं लागेल.